नाव कोणाचे, साक्ष कोणाची?

शून्य, एक्स आणि त्यापुढे चाळीस अक्षरे-आकडे. इथेरियम नावाच्या जाळ्यावर ज्याचे आभासी चलनाचे पाकीट आहे, त्याचा पत्ता असा बेचाळीस खुणांचा असतो. तो पाठ होत नाही, फोनवर सांगता येत नाही आणि दुसऱ्याचा पत्ता समोर आला तर तो आपल्याच माणसाचा आहे की भलत्याचा, हे डोळ्यांना कळत नाही. त्यामुळे माणसे सुरुवातीची चार आणि शेवटची चार अक्षरे पाहतात व पैसे पाठवून मोकळी होतात. भामट्यांनी हे केव्हाच हेरले. मे २०२४ मध्ये एका धनवंताने असेच दोन टोके जुळवून पैसे पाठवले. टोके जुळत होती, मधली अक्षरे वेगळी होती. सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर चोराच्या पत्त्यावर गेले. पुढे त्या चोराने बहुतेक रक्कम परत केली, परंतु असा चोर रोज भेटत नाही.

या अडचणीवर निघालेला उपाय म्हणजे नाव. बेचाळीस खुणांऐवजी एक सुटसुटीत शब्द, त्यापुढे टिंब आणि 'इथ', 'क्रिप्टो' असे एखादे शेपूट. (हे 'इथ' म्हणजे आपले 'इथं' नव्हे, इथेरियमची पहिली अक्षरे.) पाठवणाऱ्याने नाव टाइप करायचे, यंत्राने त्यामागचा पत्ता शोधायचा. हेच नाव पुढे संकेतस्थळासाठी, सही म्हणून, ओळख म्हणूनही वापरावे असा या मंडळींचा आग्रह आहे. निक जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४ मे २०१७ रोजी 'इथेरियम नेम सर्व्हिस' सुरू केली. पाच किंवा अधिक अक्षरांच्या नावाला वर्षाला ५ डॉलर, चार अक्षरांना १६०, तीन अक्षरांना ६४०. 'अनस्टॉपेबल डोमेन्स' ही दुसरी कंपनी २०१८ सालची. तिने एकदाच पैसे भरा, नाव कायमचे तुमचे, असा मंत्र दिला.

हा विषय रविवारच्या सकाळी काढण्याचे कारण तळेऱ्यातले आहे. आमच्या गावचा एक तरुण आखातात नोकरीला असतो. सुट्टीवर आला असता त्याने मला विचारले, "काका, माझ्या नावाचा घेवन ठेवू काय? दुसऱ्यान घेतला तर?" प्रश्न पाच डॉलरचा असता तर मी हो म्हणून चहा मागवला असता. पण महिन्याची बचत त्या नावावर मागवून घेण्याचा त्याचा विचार होता, आणि नावावर पैसे येण्याचा आम्हा कोकणातल्या माणसांचा अनुभव फार जुना आहे.

मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या माणसाची मनीऑर्डर ज्या पत्त्यावर येत असे तो आठवून पाहावा. नाव, वाडी, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. एका वाडीत एकाच नावाचे तिघे असत. मग वरचे घर, खालचे घर, अमक्याचा मुलगा अशी भर पडे, आणि ती कागदावर नसली तरी पोस्टमनच्या डोक्यात असे. तो ओटीवर बसून नोटा मोजून देई. घेणाऱ्या आईला सही येत नसेल तर अंगठा घेई, आणि अंगठा उठवला की शेजारच्या साक्षीदाराची सही लागे. १९८१ पर्यंत आमच्या पत्त्यात 'जिल्हा रत्नागिरी' असे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि पत्त्याची शेवटची ओळच बदलली, पण घराला आणि आईला ओळखणारा माणूस तोच राहिला.

नाव पुरत नाही, हे मात्र टपालखात्याला आधीच कळले होते. एकाच नावाची गावे देशात ठिकठिकाणी, त्यात लिप्या अनेक आणि अक्षरे दुर्वाच्य. त्यावर तोड काढली ती एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल व तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी. त्यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिन कोड आला. पहिल्या तीन आकड्यांत टपाल वर्गीकरणाचा जिल्हा. त्या हिशेबात सिंधुदुर्ग कोल्हापूरबरोबर ४१६ मध्ये बसतो. सरकारने जिल्हे कसेही पाडोत. शब्दांवर जन्मभर प्रेम केलेल्या माणसाला शब्दांची उणीव भरून काढायला आकडे आणावे लागले, याची मला नेहमी गंमत वाटते. आज चाललेला प्रवास नेमका उलटा आहे. आकडे भरमसाट झाले म्हणून माणसे पुन्हा शब्दाकडे वळली आहेत.

तारखात्यात तर याचाही नमुना होता. तारेचे पैसे शब्दांवर मोजले जात, म्हणून व्यापारी पेढ्या वर्षाची फी भरून एका शब्दाचा पत्ता नोंदवून घेत. जुन्या पेढ्यांच्या पत्रांच्या माथ्यावर 'तार :' असे छापून पुढे तो शब्द असे. तार येई ती त्या शब्दावर, आणि तारघरातल्या वहीत पाहून शिपाई पेढीवर पोचे. वही सरकारची, फी वार्षिक, आणि एकाचा शब्द त्याच गावात दुसऱ्याला मिळत नसे. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली आणि त्या साऱ्या शब्दांचे मोल एका दिवसात संपले. नोंदवलेले नाव ते चालवणाऱ्या व्यवस्थेइतकेच जगते, हे पेढीवाल्यांना कुणी समजावून सांगावे लागले नाही.

ब्लॉकचेनवाल्यांचे म्हणणे असे की, आमच्याकडे तारघरच नाही, मग ते बंद कोण करणार? वहीच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर आहेत, नवी ओळ सगळीकडे एकदम चढते आणि जुनी कुणालाही खोडता येत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते हसण्यावारी नेऊ नये. नाव देणारा अधिकारी उद्या नाव काढूनही घेऊ शकतो, ही भीती खोटी नाही. इंटरनेटची साधी नावे १९९८ पासून 'आयकॅन' या अमेरिकेत नोंदलेल्या संस्थेच्या देखरेखीखाली चालतात, आणि आपले 'डॉट इन' आपल्याकडची निक्सी ही संस्था पाहते. कोणीतरी मध्ये बसलेला असतोच. तो नको, ही ओढ मी समजू शकतो. ज्याने तलाठी कार्यालयाचे हेलपाटे घातले आहेत त्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

झुको विल्कॉक्स या संगणकतज्ज्ञाने २००१ मध्ये या प्रश्नाचे मर्म तीन शब्दांत पकडले होते. नाव माणसाला कळणारे हवे, सुरक्षित हवे, आणि कुणा एकाच्या हातात नसलेले हवे. यातली दोनच साधतात, तिसरे निसटते, असे त्याचे म्हणणे. २०११ मध्ये 'नेमकॉइन' निघाले आणि बिटकॉइनच्याच तंत्रावर 'डॉट बिट' नावे देऊ लागले, तेव्हा तिन्ही साधली असा जल्लोष झाला. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये त्या वहीची मोजदाद केली. नोंदलेली नावे सुमारे १ लाख २० हजार. त्यांतली खऱ्या मालकाची आणि मागे काही खराखुरा मजकूर असलेली किती? २८. बाकी नावे पुढे चढ्या भावाने विकता येतील म्हणून कुणीतरी दाबून ठेवलेली.

म्हणजे तंत्राने सुरक्षितता दिली ती किल्ली ज्याच्या हातात आहे त्याला. नाव ज्याचे आहे त्याला ती मिळेलच असे नाही, कारण नाव कोणाचे हे वहीला माहीतच नसते. ती फक्त इतकेच सांगते की हा शब्द पहिल्यांदा या किल्लीने मागितला. माझ्या मते सारा घोळ येथे आहे. 'सुरक्षित' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि गिऱ्हाईक सोयीचा अर्थ ऐकते.

पुढची हौस पाहा. आकडे नकोत म्हणून नावे काढली, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात लोकांनी त्या नावांत काय विकत घेतले? आकडे! तीन आकडी, चार आकडी नावांसाठी झुंबड उडाली; 'शून्य शून्य शून्य' हे नाव त्या जुलैत ३०० इथरला, म्हणजे तेव्हाच्या भावाने ३ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. आमच्या एमएच ०७ मालिकेत गाडीला एक नंबर मिळावा म्हणून आरटीओकडे पैसे मोजणाऱ्यांना उगीच नावे ठेवतो आपण.

आता स्पेलिंगचा प्रश्न, जो इंग्रजी मुलखातल्या लोकांना तितका छळत नाही. सावंत हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना कोणी डब्ल्यू घालतो, कोणी व्ही. गावकर कधी व्ही घेऊन येतात तर कधी ओ. तळेऱ्यातला 'ळ' तर त्या लिपीत आहेच कुठे? तो 'ल' होऊन बसतो. प्रत्येक स्पेलिंग हे ब्लॉकचेनच्या दृष्टीने स्वतंत्र नाव, स्वतंत्र मालक, स्वतंत्र पाकीट. मुलाने डब्ल्यूचे घेतले आणि बापाने सवयीने व्ही दाबला तर पैसे जिवंत, चालू, पण परक्या पत्त्यावर जातील. बेचाळीस खुणांचा पत्ता चुकला तर निदान संशय तरी येतो. ओळखीच्या नावाचा संशय कोण घेणार? त्यात रशियन लिपीतला 'ए' हा इंग्रजी 'ए'सारखाच दिसतो. देवनागरीत 'डॉट भारत' हे शेपूट २७ ऑगस्ट २०१४ रोजी मराठी, कोंकणीसह आठ भाषांसाठी सुरू झाले. आपली अक्षरे आपल्या लिपीत लिहिण्याची ती सोय होती. किती दुकानांच्या पाट्यांवर ती दिसते हे वाचकांनी आपापल्या बाजारपेठेत पाहावे.

नावावरून तंटा झाला तर काय? मुंबई उच्च न्यायालयापुढे १९९९ मध्ये असा एक खटला आला होता. 'रेडिफ' या संकेतस्थळाच्या नावातल्या ई च्या जागी ए घालून दुसऱ्याने तसेच नाव घेतले. न्यायालयाने त्याला मनाई केली, आणि इंटरनेटवरचे नाव हे नुसता पत्ता नाही, त्याला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण आहे, अशी भूमिका घेतली. हुकूम बजावायला माणूस होता, नाव नोंदवणारी कंपनी होती. ब्लॉकचेनवरच्या नावाबाबत न्यायालय किल्लीवाल्याला तुरुंगात धाडू शकेल, पण तो सापडला तर. वहीतली ओळ न्यायाधीशांचे ऐकत नाही, हा तिचा मोठेपणा म्हणून सांगितला जातो.

आणि तरीही ही मंडळी गरज पडली की न्यायालयातच जातात. साध्या ब्राउझरला 'डॉट इथ' समजत नसे, म्हणून मध्ये एक पूल होता : 'इथ डॉट लिंक' हे जुन्या पद्धतीचे, वार्षिक फीचे नाव. ते नूतनीकरण करण्याचा अधिकार व्हर्जिल ग्रिफिथ या एकाच माणसाकडे होता, आणि उत्तर कोरियाला जाऊन या तंत्रावर व्याख्यान दिल्याच्या प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये त्याला ६३ महिन्यांची कैद झाली. जुलैत नावाची मुदत संपली, ते दुसऱ्याला विकले गेले, आणि अखेर त्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या न्यायालयाच्या हुकमाने परत मिळाले. कुणावर विसंबायचे नाही म्हणणाऱ्यांचा पूल एका कैद्याच्या सहीवर उभा होता! त्याच वर्षी ऑक्टोबरात अनस्टॉपेबल डोमेन्सने 'डॉट कॉइन' हे शेपूट बंद केले. तेच शेपूट दुसऱ्या एका ब्लॉकचेनवर आधीपासून दिले जात असल्याचे आढळले. कायमचे म्हणून विकलेले नाव कंपनीने मागे घेतले, आणि ते योग्यच केले. फक्त 'अनस्टॉपेबल' या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागतो.

याउलट आपल्याकडे काय घडले? ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआय आले. खाते क्रमांक आणि आयएफएससी यांच्या ऐवजी 'अमुक ॲट तमुक' असा सुटसुटीत पत्ता. म्हणजे काम तेच, आकड्यांवर नावाची पाटी लावण्याचे. पण पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर जे नाव उमटते ते बँकेच्या दप्तरातले असते. दुकानदाराने स्वतःला काहीही म्हणवून घेतले तरी ॲपने बँकेत नोंदलेलेच नाव दाखवावे, असा दंडक २०२५ च्या जूनअखेरपासून लागू झाला. रिझर्व्ह बँकेने तर बँकांची संकेतस्थळेसुद्धा ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेपटाखाली आणायला लावली. ते शेपूट बँकेखेरीज कोणाला मिळत नाही. तळेऱ्यात मासे विकणारी बाई क्यूआरचा पुठ्ठा टोपलीला टेकवून बसते आणि गिऱ्हाईक पडद्यावरचे नाव वाचून पैसे टाकते, ते या साक्षीच्या बळावर. यूपीआयमध्ये फसवणूक होत नाही असे मी म्हणत नाही, रोज होते. पण तक्रार घेऊन जायला एक दार आहे आणि दारामागे खुर्ची आहे.

न पुसणारी नोंद ही कल्पनाच वाईट, असे मात्र मला म्हणायचे नाही. महामार्गाने तळेऱ्याच्या उत्तरेला लागणाऱ्या खारेपाटणला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट सापडला. काळ शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८. राजाची वंशावळ, दान घेणाऱ्या गुरूचे नाव, दान दिलेली गावे, सारे तांब्यावर कोरलेले. दक्षिण कोकणच्या शिलाहारांचा इतिहास आपण जाणतो तो मुख्यतः त्या पत्र्यामुळे. नोंद टिकली, शब्दही टिकले. त्या दानावर आज कोणी हक्क सांगू शकत नाही, कारण हुकूम बजावणारे राज्य गेले. आणि जुन्या काळी बनावट ताम्रपटही निघत, हे इतिहासाचा विद्यार्थी जाणतो. तांबे खोटे नसे, मजकूर खोटा असे. ब्लॉकचेनचे बळ आणि मर्यादा या पत्र्याहून वेगळी नाहीत. म्हणून गडचिरोलीत एटापल्लीच्या उपविभागीय कार्यालयाने २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रे ब्लॉकचेनवर नोंदवण्याचे काम हाती घेतले, ते मला अधिक शहाणपणाचे वाटते. तेथे आधी अधिकाऱ्याने माणूस तपासला, सही केली, आणि मग ती सही पुसली जाऊ नये म्हणून वही वापरली. त्यासाठी वापरलेले पॉलिगॉन हे जाळे २०१७ मध्ये मुंबईतच 'मॅटिक' या नावाने सुरू झालेले. त्याच्या चाचणी जाळ्याचे नावच मुंबई होते. ते एप्रिल २०२४ मध्ये बंद झाले.

आता त्या तरुणाच्या बचतीकडे वळू. त्याला मी तीन गोष्टी सांगितल्या. कर त्याला आधीच ठाऊक होता : आभासी मालमत्तेच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के, आणि त्या जुलैपासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का कपात, भारतात राहणाऱ्या त्याच्या भावाने ती विकली तर त्याला ते चुकत नाही. दुसरी गोष्ट त्याला नवी होती. नाव पाकिटाला जोडले की पाकीट उघडे पडते. ब्लॉकचेनवरचे सगळे व्यवहार कोणालाही वाचता येतात. आजवर त्या बेचाळीस खुणांमागे माणूस दिसत नव्हता, एवढाच काय तो आडोसा. मनीऑर्डर किती आली हे वाडीला कळत असे, हे खरे. पण वाडीलाच कळे. तुझ्या नावाची पाटी पाकिटावर लावलीस की किती कमावलेस, कोणाला पाठवलेस, शिल्लक किती, हे तुझ्या मुकादमापासून गावच्या पतपेढीच्या वसुली अधिकाऱ्यापर्यंत ज्याला सवड आहे तो पाहील, आणि मागची पाने फाडता येत नाहीत.

तिसरी गोष्ट त्याच्या आईसमोर बोलणे मला जड गेले. आमच्याकडे सातबारावर आजोबा-पणजोबांची नावे अजून असतात. वारस नोंद रेंगाळते, एका गुंठ्याला वीस नावे लागतात, चुलत्यांचे तंटे चालतात. या साऱ्याला आम्ही शिव्या घालतो. पण मेलेल्या माणसाच्या नावापुढे जिवंत माणसाचे नाव लावण्याची वाट तेथे आहे : फेरफार आहे, हरकत आहे, अपील आहे. बँक खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चौघांपर्यंत नामनिर्देशन करता येते. ब्लॉकचेनवरच्या नावाला नामनिर्देशनाचा रकाना नाही. किल्लीचे बारा किंवा चोवीस शब्द ज्याला ठाऊक, तो मालक. ते शब्द आखातातल्या खोलीत, गादीखालच्या डायरीत राहिले, तर आईजवळ मृत्यूचा दाखला असून उपयोग नाही आणि न्यायालयाचा वारस दाखला असूनही नाही.

'डॉट इथ' नावाची वार्षिक फी मात्र कोणीही भरू शकते. त्याला किल्ली लागत नाही. मुदत संपल्यावर त्यासाठी नव्वद दिवसांची सवलतही आहे. म्हणजे ती माउली दरवर्षी पाच डॉलर भरत राहिली तर मुलाचे नाव वहीत चालू राहील, दुसऱ्या कोणाला मिळणार नाही. त्या नावावर कोणी पैसे पाठवले तर ते नीट पोचतील, त्याच्या पाकिटात जमा होतील, आणि तिला पडद्यावर दिसतही राहतील.